खालच्या मजल्यावरच्या काकांना, हॉकी दाखवल्याबद्दल

काका, नमस्कार!

हे मराठीत लिहितोय म्हणजे तुम्हाला वाचता येणार नाही, पण तुमची नात मोबाईलवर ट्रान्सलेट करून वाचून दाखवेल याची खात्री आहे, आणि त्यात काही भलतंसलतं आलं तर तो दोष मोबाईलचा.

चाकणहून चेक प्रजासत्ताकातल्या म्लादा बोलेस्लावला कामासाठी येणाऱ्या प्रत्येकाला आधी येऊन गेलेले लोक एकच गोष्ट सांगून पाठवतात, की चेक लोक बोलत नाहीत, जिन्यात भेटले की "दोब्री देन" म्हणजे नमस्कार, आणि विषय संपला. माझाही पहिला हिवाळा तसाच गेला. मग मे महिन्यात एका संध्याकाळी तुम्ही दार वाजवलंत, "होकेय" एवढंच म्हणालात आणि खाली बोट दाखवलंत. त्यासाठीच हे आभार. कारण त्यानंतर तुमच्या सोफ्यावर बसून मला तुमचा देश जेवढा कळला तेवढा ऑफिसात काही कळला नसता.

ऑफसाईड कशाला म्हणतात, पेनल्टी बॉक्समध्ये दोन मिनिटं का बसवतात हे तुम्ही टेबलावर बिअरची बुचं मांडून समजावलंत, ते अर्धंच कळलं, पक, म्हणजे बॉलऐवजी बर्फावर घसरणारी ती चकती, तर मला आजही टीव्हीवर दिसत नाही, लोक ओरडले की गोल झाला असं समजतो. पण 1969 ची गोष्ट तुम्ही सांगितलीत ती डोक्यातून जात नाही.

आमच्याकडे हॉकी म्हणजे ध्यानचंद आणि हिरवं मैदान. इथे बर्फावरची हॉकी, आणि तिच्या मागे रणगाडे. ऑगस्ट 1968 मध्ये सोव्हिएत फौजा तुमच्या देशात घुसल्या, वर्ल्ड चॅम्पियनशिप खरं तर तुमच्याकडे व्हायची होती ती स्टॉकहोमला गेली, आणि मार्च 1969 मध्ये तिथे तुमच्या पोरांनी सोव्हिएत टीमला एकदा नाही तर दोनदा हरवलं, 2-0 आणि 4-3. मॅचनंतर हस्तांदोलन करायलाही नकार. हे सांगताना तुम्ही ड्रॉवरमधून काळी चिकटपट्टी काढलीत, एक तुकडा तोडलात आणि स्वतःच्या स्वेटरवर छातीशी चिकटवलात, की जर्सीवरच्या सिंहाच्या डोक्यावर कम्युनिस्टांनी बसवलेला तारा काही खेळाडूंनी असा झाकला होता. नंतर ती पट्टी काढायची विसरलात आणि तशीच लावून सेकंड हाफ, सॉरी, थर्ड पीरियड बघितलात.

आणि गंमत म्हणजे ती स्पर्धा तुम्ही जिंकलीच नव्हती! गोल्ड सोव्हिएतनाच मिळालं, तुमचा नंबर तिसरा. तरी दुसऱ्यांदा हरवलंत त्या 28 मार्चच्या रात्री प्रागच्या वेन्सेस्लास चौकात लाखभर लोक उतरले, त्यात एकोणीस वर्षांचे तुम्हीही होतात, "तुम्ही आमच्यावर रणगाडे, आम्ही तुमच्यावर गोल" अशी घोषणा, आणि एरोफ्लोट या सोव्हिएत विमान कंपनीच्या ऑफिसची काच राहिली नाही. तिथे दगडांचे ढीग आधीच कोणी आणून टाकले होते यावर तुमच्याकडे आजही वाद होतो. मॉस्कोला निमित्त मिळालं, एप्रिलमध्ये सुधारणा करू पाहणारे नेते दुबचेक गेले, मॉस्कोला चालणारे हुसाक आले आणि पुढची वीस वर्षं तोंडाला कुलूप.

इथे काकू किचनमधून म्हणाल्या, त्या रात्री हरले असते तर बरं झालं असतं. तुम्ही गप्प बसलात. मला विचाराल तर काकूंचं पटत नाही, निमित्त शोधणाऱ्याला हॉकी नसती तर दुसरं काही सापडलंच असतं. पण एका मॅचवरून एका घरात पन्नास वर्षं दोन मतं टिकतात, हे बघितल्यावर "आमच्याकडे क्रिकेट तसंच आहे" असं म्हणणं मी सोडून दिलं. आमच्याकडे हरलो तर पुतळे जाळतो, पण जिंकलो म्हणून सरकार बदलल्याचं ऐकलं नाही.

1950 चं तुम्ही फार थोडक्यात सांगितलंत. वर्ल्ड चॅम्पियन टीम पुढच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपसाठी लंडनला निघाली होती, तिला जाऊ दिलं नाही, दोनच दिवसांत पोरांना पकडलं, देशद्रोहाचा खटला. गोलकीपर बोहुमिल मोद्री यांना पंधरा वर्षांची शिक्षा, युरेनियमच्या खाणीत काम, आणि 1963 ला गेले. यावर माझ्याकडे तेव्हाही बोलायला काही नव्हतं.

मग तुमचा स्टार खेळाडू यारोमीर यागरच्या पाठीवर 68 का असतं ते न सांगताच कळलं. 1998 ला नागानो ऑलिंपिकमध्ये तुमचा गोलकीपर हाशेकने कॅनडाचे पाचही पेनल्टी शॉट अडवले आणि फायनलला रशियाला 1-0 ने हरवलं तेव्हा प्रागमध्ये पहाटे पहाटे लोक चौकात "हाशेकला किल्ल्यावर पाठवा" म्हणजे राष्ट्राध्यक्ष करा असं का ओरडत होते, तेही कळलं. नुसता खेळ असता तर गोलकीपरला कोण राष्ट्राध्यक्ष करतं?

26 मे 2024 ची वर्ल्ड चॅम्पियनशिपची फायनल मात्र मजेत गेली. प्रागमध्येच, स्वित्झर्लंडविरुद्ध, तुमच्या पास्तर्न्याकने गोल मारला तेव्हा तुम्ही मला मारलेली थाप खांद्याला दोन दिवस जाणवत होती, चौदा वर्षांनी गोल्ड! अख्खी बिल्डिंग "जो उड्या मारत नाही तो चेक नाही" म्हणत नाचत होती, आणि मी थांबलो तर तुमच्या नातीने हात धरून उड्या मारायला लावल्या. तेवढ्या पाच मिनिटांसाठी मला पासपोर्ट कोणी विचारला नाही. थँक यू काका, खरंच.

आता चाकणला परत आलोय. तुमच्याकडे रात्री आठ वीसला सुरू होणारी मॅच इथे बारा वाजायला दहा मिनिटं असताना सुरू होते, सकाळी शिफ्ट असते, तरी बघतो. 2025 ला स्वीडनकडून क्वार्टर फायनल हरलात तेव्हा तुम्हाला फोन केला नाही, मुद्दामच. पुढच्या मे महिन्यात व्हिडिओ कॉल लावून टीव्हीसमोर ठेवा, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनचं काय ठरलं ते नातीला कळवायला सांगा.