‘मूळ स्थितीत’ या शब्दांचा अर्थ काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींत गेल्या पंधरवड्यात ‘१९५१ ची ट्रायम्फ थंडरबर्ड, ६५० सीसी, दोन सिलिंडर, पूर्ण रिस्टोअर केलेली, मूळ स्थितीत’ अशी एका जुन्या मोटारसायकलच्या विक्रीची जाहिरात आली होती. आमच्या शेजारचा एक तरुण विसाराची रक्कम खिशात घालूनच अमळनेरहून धुळ्याला निघाला, तेव्हा या फटफट्यांत आयुष्य घालवलेला माणूस म्हणून त्याने मलाही सोबत नेले.

गाडी देखणी आहे, हे आधी कबूल करतो. ट्रायम्फचे अभियंते एडवर्ड टर्नर यांनी १९३७ साली त्याच कंपनीच्या स्पीड ट्विन या गाडीसाठी आखलेल्या ५०० सीसी इंजिनाचे वाढवलेले रूप ६४९ सीसीच्या थंडरबर्डमध्ये १९४९ साली आले, आणि या गाडीतील ते इंजिन दुसऱ्या किकला सुरू झाले. त्यात केलेले काही बदलही मला पटले. सहा व्होल्टच्या डायनॅमोऐवजी बारा व्होल्टचा अल्टरनेटर आणि ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले आहे. जुना मॅग्नेटो तापला की ठिणगी द्यायला कुरकुरतो, आणि खान्देशच्या मे महिन्यात ज्याने फटफटी ढकलत घरी आणली आहे, तो या बदलाला नावे ठेवणार नाही.

माझा आक्षेप मागच्या भागाला आहे. १९५१ च्या थंडरबर्डची मागची चौकट ताठ, म्हणजे स्प्रिंगशिवायची, असे. फार तर चाकाच्या हबमध्ये स्प्रिंग घेता येई. दोन शॉकअब्सॉर्बर आणि मागच्या चाकाला वरखाली होऊ देणारा हलता फोर्क असलेली चौकट या मॉडेलला १९५५ साली मिळाली. या गाडीला मात्र दोन शॉकअब्सॉर्बर आहेत, आणि सीटखाली बोट फिरवले तेव्हा चकचकीत रंगाखाली वेल्डिंगचा उंचवटा स्पष्ट लागला, म्हणजे मूळ चौकट कापून मागचा भाग नंतर जोडलेला दिसतो. विचारल्यावर विक्रेत्याने ‘त्या काळी असेच येत होते’ असे सांगून विषय बदलला.

हा केवळ हौशी लोकांचा काथ्याकूट नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या वाहनाला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक हवा असेल, तर चॅसिस (म्हणजेच चौकट), बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला चालत नाही. त्या पहिल्या नोंदणीचे शुल्कच वीस हजार रुपये आहे. चौकट कापलेली गाडी ‘मूळ’ समजून घेणारा माणूस आधी विक्रेत्याला पैसे देतो, मग आरटीओच्या पायऱ्या झिजवतो.

म्हणून विनंती अशी की, जुन्या वाहनाची जाहिरात स्वीकारताना इंजिन व चॅसिसचे क्रमांक आरसी बुकाशी जुळतात का आणि कोणते भाग बदलले आहेत, या दोन गोष्टी जाहिरातदाराकडून लिहून घ्याव्यात. त्यासाठी एखादी ओळ वाढली तर तिचे पैसे त्याने भरावेत. आमच्या तरुणाचा विसार अजून त्याच्याच खिशात आहे. चौकटीचा खरा उल्लेख करून आणि किंमत त्या मानाने लावून तीच जाहिरात पुन्हा आली, तर मी त्याला घेऊन पुन्हा धुळ्याला जाईन, कारण इंजिन खरोखरच चांगले आहे.

आपला,
एक जुना वाचक, अमळनेर