सात टक्क्यांत घर कुठे मिळते?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

२०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणात शहरी माणसाचा महिन्याचा खर्च ६,९९६ रुपये आणि त्यात घरभाड्याचा वाटा सुमारे सात टक्के आहे. चौघांच्या कुटुंबाला हा हिशेब लावला तर भाडे दोन हजारांच्या आत येते. एवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवर खाटही मिळत नाही. आकडा खोटा नाही; ज्यांना भाडेच नाही ते घरमालकही या सरासरीत आहेत. २०११ च्या जनगणनेत शहरांतली २७.५ टक्के कुटुंबे भाड्याने राहत होती. तेच प्रमाण धरून सात टक्क्यांचे सगळे भाडे त्यांच्याच खर्चात मोजले, तर भाडेकरूच्या रुपयातले ढोबळमानाने चार आणे भाड्यात जातात.

हे चार आणे फुगतात ते दर ११ महिन्यांनी, भाडेकरार संपून नवा होताना. समजा, भाडे २०,००० आणि अनामत ६०,००० आहे. एकूण भाडे अधिक अनामतीवरचे १० टक्के व्याज यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सहाशेच्या आसपास. शहरात नोंदणी शुल्क १,०००. हे बोचत नाही. बोचते ती महिन्याच्या भाड्याएवढी दलाली. घर बदलायचे तर तिचे २०,००० आणि टेम्पो-हमालीचे पाच-सहा हजार. मालकाने मागितलेल्या दहा टक्के वाढीचे ११ महिन्यांत होतात २२,०००. मुकाट्याने वाढ दिलेली परवडते! पुढची वाढ या वाढीव भाड्यावर, म्हणून तिसऱ्या करारात २४,२००.

त्यापेक्षा ३६ महिन्यांचा एकच करार करावा आणि पाच टक्के वाढ ठरवून २०,०००, २१,०००, २२,०५० असे आकडेच त्यात घालावेत. ‘वाढ परस्पर संमतीने’ हे मोघम वाक्य नको. वाद तिथेच होतो. लॉक-इनची, म्हणजे ठरावीक काळ करार न मोडण्याची, अट दोघांनाही बांधते ना, तेही पाहावे. मुद्रांकाचा दर तोच राहतो, नोंदणी शुल्क एकदाच लागते.

भाडेकरू घर बळकावेल या धास्तीने मालक ११ महिन्यांवर अडून बसतात. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार ११ महिन्यांच्या करारालाही नोंदणी सक्तीची आहे, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि मुदत संपल्यावर कलम २४ खाली घर परत मागता येते, मग करार ११ महिन्यांचा असो वा ३६. छोट्या मुदतीत मालकाचे काहीच वाचत नाही; कमाई होते ती एजंटाची. काही जण तर नुसत्या नूतनीकरणालाही अर्धी दलाली मागतात. ती देण्याचे काही कारण नाही.

– एक वाचक, पुणे