कुकरची रिंग मिळते, मग माऊसचे पॅनल का नाही?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

‘गेमिंग माऊस’ हे शब्द दिसताच बरेच वाचक पुढच्या पत्राकडे वळतील, याची मला कल्पना आहे. तरीही लिहितो, कारण माऊसचा बदलता भाग सुटा न मिळण्याची ही अडचण फक्त खेळणाऱ्यांची नाही आणि मी स्वतः खेळणारा नाही. अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका टूलरूममध्ये मी प्लास्टिकच्या साच्यांची डिझाइन करतो. दिवसातले आठ तास माझा उजवा हात माऊसवर आणि डावा कीबोर्डवर असतो. या कामात मनगट किती दुखते, हे ज्याने दिवसभर ड्रॉइंग केले आहे त्याला सांगायला नको.

तीन वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या सल्ल्यावरून मी असा माऊस घेतला, ज्याची डावी बाजू, म्हणजे जिथे अंगठा टेकतो तो भाग, काढून बदलता येतो. खोक्यात तीन पॅनल होती. एकावर दोन बटणे, एकावर बारा. तिसऱ्याचा मला कधी उपयोग झाला नाही, त्यामुळे त्याविषयी तूर्त राहू द्या. पॅनल चुंबकाने जागेवर बसते आणि त्याच्या आतल्या बाजूचे बारीक धातूचे संपर्कबिंदू माऊसच्या अंगाला टेकतात, त्यामुळे कोणते पॅनल लावले आहे हे माऊसला आपोआप कळते. स्क्रू नाही, वायर नाही. बारा बटणांना मी ट्रिम, ऑफसेट, डायमेन्शन, मेजर, झूम, एस्केप असे रोजचे आदेश नेमून दिले. ही नेमणूक माऊसच्या स्वतःच्या मेमरीत साठवता येत असल्याने, ज्या कचेरीत नवे सॉफ्टवेअर टाकायला परवानगी नाही तिथेही तो बिनतक्रार चालला.

पहिले दोन आठवडे मात्र वैतागाचे गेले. बारा बटणे तीन-तीनच्या चार ओळींत दाटीवाटीने बसलेली असतात. अंगठ्याला डोळे नसल्यामुळे ट्रिमऐवजी डिलीट दाबले जाई आणि शेजारचे सहकारी हसत. शेवटी मधल्या एका बटणावर फेविक्विकचा बाजरीच्या दाण्याएवढा थेंब वाळवला. अंगठ्याला तो खुणेचा दगड सापडला आणि बाकीची बटणे त्यावरून ओळखू येऊ लागली. दीड महिन्यात कीबोर्डकडे हात नेण्याची सवय बरीच सुटली. एक इशारा मात्र टूलरूमवाल्यांना देऊन ठेवतो: चुंबकाचे पॅनल मशीनजवळ काढून ठेवू नये. लोखंडाचा कीस त्याला असा चिकटतो की, चिकटपट्टीने पाच-सहा वेळा टिपल्याशिवाय निघत नाही, आणि तो संपर्कबिंदूंवर राहिला तर बटणे भलतेच आदेश देऊ लागतात.

ही बारा बटणे मुळात आमच्यासारख्यांकरिता नव्हतीच. २००४ मध्ये आलेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात पडद्याच्या तळाशी असलेल्या मुख्य पट्टीवर बारा चौकटी असतात आणि त्या कीबोर्डवरील आकड्यांच्या ओळीला जोडलेल्या असतात. ती अख्खी ओळ उचलून अंगठ्याखाली आणणारा ‘नागा’ हा माऊस रेझर कंपनीने २००९ मध्ये काढला. पुढे लॉजिटेकचा जी६०० आला. मात्र बारा बटणे सगळ्यांना आणि सगळ्या खेळांना सोयीची नसतात. नेमबाजीच्या खेळात घट्ट पकड हवी असते, तिथे इतकी बटणे अडचणच करतात. म्हणून २०१७ च्या ‘नागा ट्रिनिटी’त दोन, सात आणि बारा बटणांची तीन बदलती पॅनल दिली गेली. कॉर्सेअरच्या ‘सिमिटर’मध्ये बटणांचा सगळा संच अंगठ्याच्या लांबीप्रमाणे पुढेमागे सरकवता येतो, तर रोकॅटच्या ‘निथ’मध्ये अंगठ्याखालची बटणेच काढून बदलता येत. डावखुऱ्यांच्या वाट्याला या क्षेत्रात फार थोडे आले. २०२० मध्ये नागाची डावखुरी आवृत्ती निघाली, एवढे नमूद करतो, कारण माझी मुलगी डावरी आहे आणि माझा माऊस तिने हातात घेऊन लगेच खाली ठेवला होता. माझा माऊस यांपैकी आहे की आणखी कोणाचा, हे मुद्दाम लिहीत नाही. मला एखाद्या कंपनीला नावे ठेवायची नाहीत.

आता अडचण सांगतो. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माझे बारा बटणांचे पॅनल भंगारात गेले. घरी दोन बटणांचे पॅनल लावलेले होते आणि बाराचे टेबलावर सुटे पडले होते. जुन्या रिमोटचे झाकण समजून ते रद्दीच्या पोत्यात टाकले गेले. चूक घरातलीच, त्यात कोणाचा दोष नाही. माऊस उत्तम स्थितीत आहे. हवा आहे तो त्याचा एक तळहाताहून लहान तुकडा.

तो तुकडा मला मिळाला नाही. महात्मा गांधी रोडवरची चार-पाच दुकाने झाली, कॅनडा कॉर्नरला विचारून झाले. बहुतेक ठिकाणी ‘हे वेगळे मिळते का?’ असा प्रश्न उलट मलाच विचारला गेला. ज्या विक्रेत्याकडून माऊस घेतला होता त्याला लिहिले, तेव्हा पॅनल सुटे मिळत नाही, नवीन माऊस घ्यावा, असे एका ओळीचे उत्तर आले. म्हणजे पॅनलसाठी पुन्हा साडेसात हजार रुपये मोजायचे, आणि एक धडधाकट माऊस व त्याची दोन पॅनल खणात टाकायची.

याच नाशिकमध्ये भद्रकालीच्या किंवा रविवार कारंजाच्या दुकानात जुन्यातल्या जुन्या कुकरची रिंग मिळते, शिटी मिळते. मिक्सरचे भांडे फुटले तर भांडे मिळते आणि नुसता कपलर झिजला असेल तर नुसता कपलर मिळतो. दुकानदार जुनी रिंग हातात घेऊन बोटांनी ताणून बघतो आणि न विचारता मापाची नवी काढून देतो. रिंगसाठी नवा कुकर घ्या, असे कोणी म्हटले तर त्या दुकानात हशा पिकेल. ज्या वस्तूचा भाग बदलता येतो हेच तिचे वैशिष्ट्य म्हणून खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले असते, तिचा तोच भाग सुटा मिळू नये, हे मला समजत नाही.

साचे करणारा माणूस आहेस तर एक पॅनल स्वतःच का बनवत नाहीस, असे मित्र विचारतात. वरचे कवच बनवणे कठीण नाही; मोजमाप घेऊन थ्रीडी प्रिंटरवर ते एका दुपारीत निघेल. पण आत बारा सूक्ष्म स्विच बसवलेले सर्किट असते, आणि ते माऊसशी कोणत्या संकेतांनी बोलते हे कंपनीलाच ठाऊक असते. आसूसने ‘ग्लॅडियस’ या माऊसमध्ये मुख्य बटणांचे स्विच सोल्डरिंग न करता उपसून नवे बसवता येतील अशी खाच ठेवली, म्हणजे दुरुस्तीचा विचार आधीपासून केला तर तो जमतो. माऊसमध्ये बहुधा पहिल्यांदा स्विचच दगा देतो, हे कोणताही दुरुस्ती करणारा सांगेल. एकदा दाबले की दोनदा दाबल्यासारखे होऊ लागते.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, ‘दुरुस्तीचा अधिकार’ या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाईल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने या चार क्षेत्रांतील कंपन्यांनी सुटे भाग व दुरुस्तीची माहिती तेथे द्यावी, अशी त्यामागची कल्पना आहे. ती चांगली आहे. पण फोन, फ्रीज आणि ट्रॅक्टर यांच्या गर्दीत संगणकाच्या माऊस-कीबोर्डसारख्या साधनांकडे लक्ष जात नाही. दुसरीकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम संगणकाबरोबर त्याच्या इनपुट-आउटपुट साधनांचीही जबाबदारी उत्पादकावर टाकतात. टाकून दिलेल्या माऊसची विल्हेवाट लावणे ज्याच्यावर बंधनकारक आहे, त्याने तो टाकण्याची वेळ येऊ नये म्हणून एक पॅनल विकायला ठेवणे फार अवघड नसावे.

माझी मागणी मोठी नाही. आयात केलेल्या वस्तूच्या वेष्टनावर आयातदाराचे नाव, उत्पादनाचा देश आणि किंमत छापावी लागते. बदलत्या भागांच्या वस्तूवर तो भाग सुटा मिळेल की नाही आणि मिळणार असल्यास किती वर्षे, एवढी एक ओळ त्यात वाढवावी. ‘नाही’ छापले असते तर मी माऊस कदाचित घेतलाच असता, पण ते पॅनल टेबलावर मोकळे ठेवले नसते. नाशिकच्या ग्राहक संघटनांनी ही सूचना विभागाकडे न्यावी, अशी विनंती आहे.

जाता जाता एक स्वार्थाची गोष्ट. ज्याचा उल्लेख वर टाळला ते तिसरे पॅनल अजून खोक्यात कोरे आहे. बदलत्या पॅनलचा माऊस घेऊन केवळ नेमबाजीचे खेळ खेळणाऱ्या शहरातील कोणाकडे बारा बटणांचे पॅनल असेच पडून असेल आणि ते माझ्या माऊसला बसत असेल, तर त्याच्या बदल्यात हे देण्याची, वर चहाची, माझी तयारी आहे. पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिलेला आहे.

आपला,
एक वाचक,
इंदिरानगर, नाशिक