मंदाताई, त्या 377 मतांत आमची आळी पण आहे

मा. आमदार मंदाताई म्हात्रे,
बेलापूर विधानसभा

ताई, नमस्कार.

23 नोव्हेंबर 2024 ला मतमोजणी चालू होती तेव्हा करावे गावात नाक्यावर सगळे मोबाईलमध्ये डोकं घालून बसले होते, कोण पुढे कोण मागे काही कळत नव्हतं, आणि शेवटी आकडा आला 377. तुम्ही फक्त 377 मतांनी निवडून आलात. आमच्या घरात सात मतं, त्यातली चार तुम्हाला आणि तीन तुमच्या समोर उभ्या असलेल्या संदीप नाईकांना, रात्री जेवताना भाऊ माझ्याशी बोलत नव्हता. मी तेव्हाच म्हटलं की ताईंना एकदा लिहायचं, पण राहून गेलं.

तुमचा प्रवास आम्ही जवळून बघितलाय. राष्ट्रवादीत होतात, विधान परिषदेवर होतात, मग 2014 ला भाजपमध्ये येऊन थेट गणेश नाईकांना हरवलंत. त्या वेळी पण फरक दीडेक हजाराचाच होता आणि नवी मुंबईत नाईकसाहेब हरतील असं कोणी छातीठोक सांगत नव्हतं. 2019 ला ते स्वतः तुमच्याच पक्षात आले, बेलापूरचं तिकीट जाणार अशी हवा झाली तरी तुम्ही जागा सोडली नाहीत, ते ऐरोलीला गेले. एवढं सोपं नाही हो ते, माझी आई अजून सांगते की बाई खमकी आहे. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहितोय, दुसऱ्या कोणाला लिहून उपयोग नाही.

विषय गरजेपोटीच्या घरांचा, म्हणजे गावात जागा पुरेना म्हणून आम्ही परवानगीशिवाय बांधलेल्या घरांचा. तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही, पण आमच्या घरात तो कसा दिसतो ते सांगतो. 1970 ला नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली, ठाणे, पनवेल, उरणमधल्या 95 गावांची जमीन गेली, त्यात आजोबांची भातशेती गेली. जानेवारी 1984 ला दि. बा. पाटील साहेबांच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, त्यानंतर गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के जमीन विकसित करून परत द्यायची योजना आली. पण गावठाण होतं तेवढंच राहिलं आणि माणसं वाढली. तीन भाऊ, तिघांची लग्नं, मग घराला लागून घर बांधलं, वर माळा चढवला. जायचं कुठे?

आमच्या गच्चीवर पिलरच्या सळया अजून उभ्या आहेत, टोकाला कोणाला लागू नये म्हणून बाबांनी त्यावर प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घातल्यात. पुढचा मजला माझ्या मुलासाठी, असं ते म्हणायचे. बाबा चार वर्षांपूर्वी गेले, बाटल्या उन्हाने पिवळ्या पडल्या, सळयांना गंज चढला. मी कर्जासाठी एका बँकेत गेलो होतो तर साहेबांनी फाईल उघडली, घरपट्टीच्या पावत्या, लाईट बिलं सगळं बघितलं आणि म्हणाले प्रॉपर्टी कार्ड कुठाय. ते नाही. तीस वर्षांच्या पावत्या आहेत पण घर आपलं आहे असं सांगणारा एक कागद नाही ताई, बायको शेजारी बसली होती, मला खूप लाजल्यासारखं झालं.

2022 ला ही घरं नियमित करायचा शासन निर्णय निघाला, 2024 ला निवडणुकीच्या आधी परत सुधारून निघाला, दोन्ही वेळा गावात पेढे वाटले गेले. पण त्यात भाडेपट्टा आहे, म्हणजे आपल्याच आजोबाच्या जागेचे पैसे भरायचे आणि नाव तरी मालक म्हणून लागणार नाही. हे आम्हाला पटत नाही आणि गावात कोणालाच पटत नाही, तुमचा कार्यकर्ता असो की समोरचा.

माझी विनंती एकच आहे. विधानसभेत हा विषय परत काढा आणि मालकी हक्काने प्रॉपर्टी कार्ड मागा, भाडेपट्टा नको. आणि त्याआधी गावाचा सिटी सर्व्हे पूर्ण करून घ्या, कारण हद्दच ठरली नाही तर उद्या चांगला निर्णय झाला तरी कार्ड कशाच्या आधारावर देणार? करावे, दारावे, सारसोळे, शिरवणे, दिवाळे, सगळीकडे हीच बोंब आहे. कोणत्या गावाने कोणाला किती मतं दिली ते बूथवरून कळतं हे आम्हाला माहितीये, तुमच्या माणसांकडे ती यादी असणार. कृपा करून ती यादी बघून गावं निवडू नका. ज्या भावाने तुम्हाला मत दिलं नाही तो खालच्या खोलीत राहतो, मी वरच्या, भिंत एकच आहे, मोजणी करायची तर दोघांचीच करावी लागेल.

एखाद्या रविवारी गावात या. देवळासमोर बसू, मोजणी खात्याचा कोणी अधिकारी सोबत आणलात तर फार बरं होईल, आम्ही सगळे आपापल्या फायली घेऊन येतो. भाऊ पण येईल, मी विचारलंय त्याला.

तुमचा मतदार,
करावे गाव