आधी हात धुऊन ये

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

अण्णा गेले तेव्हा तू फोनवर फार बोलला नाहीस, ते बरं केलंस. त्या दिवसांत जो तो मला त्यांच्याबद्दल चांगलंच सांगत होता आणि मला मात्र माझ्या बापावर रागवायचं होतं.

तुला ते आठवत असतील ते लाल पेन्सिलीमुळे. तुझ्या पहिल्या प्रेमपत्राचा मसुदा माझ्या वहीत सापडला, तेव्हा चकार शब्द न काढता त्यातल्या वेलांट्या दुरुस्त करून त्यांनी वही जागच्या जागी ठेवली होती! (पत्र फुकट गेलं ते शुद्धलेखनामुळे नव्हे, हे तू एकदा मान्य कर.)

३४ वर्षं त्यांनी छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवले. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, नजर हस्तलिखितावर आणि उजवा हात खिळ्यांच्या पेटीतल्या, 'केस'मधल्या, खणांवर फिरतोय. काने, मात्रा, वेलांट्या, जोडाक्षरं, सगळ्यांचे खण वेगळे. कुठला खिळा कुठे, ते बोटांना ठाऊक. खिळ्याच्या अंगावरची खाच अंगठ्याला लागली की तो नीट बसला म्हणायचं. एकेक अक्षर आरशातल्यासारखं, वर ओळ डोक्यावर उभी, आणि अण्णा ती वर्तमानपत्र वाचावं तशी वाचत.

राग कशाचा, तर संध्याकाळचा. ते घरी आले की मी धावत सुटायचो आणि ते दोन्ही हात वर करून मागे सरायचे. "थांब." मग कोपरापर्यंत हात धुणं, नखं घासणं, सदरा बदलणं. ते आटपेपर्यंत माझा उत्साह संपलेला. यांना मला जवळ घ्यायला आवडत नाही, अशी माझी पक्की समजूत झाली. विचारलं कधीच नाही. बापाला असलं विचारायची सोय आपल्याकडे कुठे होती?

१९९५ च्या सुमारास छापखान्यात संगणक आले आणि खिळे वितळवण्यासाठी वजनावर विकले गेले. अण्णांनी मूठभर मागून आणले. संगणकही शिकून पाहिला. त्यावर चुकलेलं अक्षर उचलून हातात घेता येत नाही, एवढीच त्यांची तक्रार.

पुढे पंधरा वर्षांनी अण्णांना नात झाली. तिला घरी आणलं तेव्हा अण्णांनी हात पुढे केले, तसेच मागे घेतले आणि नळाकडे गेले. मी वैतागून म्हणालो, "स्वच्छच आहेत की हात." तर पाठमोरेच म्हणाले, "शिसं असतं रे खिळ्यांत. लहान पोरांच्या पोटात गेलं की वाईट. सवय राहिली."

एवढंच. शिसं, अँटिमनी आणि कथील मिसळून खिळे ओततात, हे मला शाळेपासून पाठ होतं. पण ते शिसं आणि वर केलेले ते दोन हात यांची सांगड चाळिशीपर्यंत मला घालता आली नव्हती. आणि ते तरी असे, की तेवढी वर्षं सांगितलं नाही! तो राग अजून आहे.

नात लिहायला लागली तेव्हा लहान मुलं काढतात तशी उलटी अक्षरं काढायची. आम्ही डोकं खाजवत बसायचो आणि आजोबा घडाघडा वाचायचे. एकदा तिने लिहिलं, 'आजोबा मि आले.' ऱ्हस्व मि! मी लाल पेन्सिलीची वाट पाहत उभा. ते म्हणाले, "अगदी बरोबर." हेवा वाटला, खोटं कशाला सांगू?

शेवटच्या तीन आठवड्यांबद्दल लिहीत नाही. तू येऊन पाहून गेलासच.

परवा कपाट आवरताना पत्र्याच्या डबीत ते खिळे सापडले. नातीने हट्टाने काढून घेतले आणि एकेक डोळ्यांजवळ नेऊन वाचत बसली. तिलाही आता उलटं वाचता येतं. तासाभराने काळ्या झालेल्या हातांनी ती धावत माझ्याकडे आली, आणि मी दोन्ही हात वर करून मागे सरलो.

"थांब," मी म्हणालो. "आधी हात धुऊन ये. का ते सांगतो."

तुझाच,
मित्र