शेवटचं पान

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, कुठलीही कादंबरी हातात घेतलीस की तू आधी शेवटचं पान उघडतेस. बाबा चिडायचे, "मग वाचायचं तरी कशाला?" तू म्हणायचीस, "सगळं नीट होतं एवढं कळलं ना, की मधलं सोसवतं." गेल्या वर्षी मी तुम्हाला सांगितलं की माझं प्रेम एका बाईवर आहे. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत आणि तू एवढंच विचारलंस, "पुढे तुझं कसं होणार गं?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. रात्री पडल्या पडल्या लक्षात आलं, की तू माझंही शेवटचं पान शोधत होतीस.

मला तुझा राग आला नाही. तीच भीती मी कितीतरी वर्षं एकटीने बाळगली होती. अठराव्या वर्षी मी तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' वाचलं. १९८१ साली रंगमंचावर आलेलं नाटक. त्यातल्या मित्रा नावाच्या मुलीचा जीव दुसऱ्या एका मुलीवर जडतो आणि शेवटी मित्रा स्वतःला संपवते. वाचून झाल्यावर मी ते पुस्तक कपाटात कपड्यांच्या मागे सारलं आणि कितीतरी दिवस त्या कप्प्याला हात लावला नाही. तेंडुलकरांनी ते फार प्रामाणिकपणे लिहिलं आहे, आजही मला ते मोठं नाटक वाटतं. पण तेव्हा माझ्यासारख्या मुलीची तेवढी एकच गोष्ट मला ठाऊक होती, म्हणून तिचा शेवट मला माझाच वाटला.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तेच ते विषय किती दिवस वाचणार?" तेव्हापासून हे पत्र मनात घोळतं आहे. विषय तेच नसतात हो. तुमच्या आवडीचंच घ्या. जोसेफ हॅन्सन यांची 'फेडआउट' ही रहस्यकथा १९७० साली आली. नायक डेव्ह ब्रँडस्टेटर विमा कंपनीचा तपासनीस आहे. मृत्यूचे संशयास्पद दावे तपासणं हे त्याचं काम. त्याचा अनेक वर्षांचा जोडीदार नुकताच कर्करोगाने गेला आहे. आपण समलिंगी का आहोत, याचा खुलासा तो कुणाला देत बसत नाही. दुःख उरात घेऊन कामाला लागतो, साक्षीदारांना गाठतो, खोटं पकडतो. कंपनी त्याच्या वडिलांचीच आहे आणि आपला मुलगा कसा आहे हे त्यांना पक्कं माहीत आहे. ही मालिका बारा पुस्तकं चालली. पहिलं पुस्तक मी पार्सलमध्ये ठेवलं आहे. बापलेक समोरासमोर येतात ते प्रसंग तुम्ही सावकाश वाचा, एवढीच विनंती.

आणि पॅट्रिशिया हायस्मिथ तर तुमची लाडकी रहस्यकथा लेखिका. तिने 'द प्राइस ऑफ सॉल्ट' नावाची प्रेमकथा लिहिली होती, हे मलाही फार उशिरा कळलं. १९५२ साली ती क्लेअर मॉर्गन या टोपणनावाने छापली गेली. दोन स्त्रियांची गोष्ट. त्यातल्या एकीला पोटच्या मुलीचा ताबा सोडावा लागतो, त्यामुळे गोष्ट गोड गोड अजिबात नाही. पण शेवटी त्या दोघी एकमेकींकडे परततात. त्याआधी अमेरिकी कादंबऱ्यांत अशा माणसांना बहुधा जीव द्यावा लागे, नाहीतर 'सुधारावं' लागे. म्हणून तो शेवट वाचून लेखिकेला अनोळखी वाचकांची पत्रांमागून पत्रं आली. पुस्तकावर तिचं खरं नाव यायला मात्र १९९० साल उजाडलं.

इंग्लिश कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांचं 'मॉरिस' त्याहून जुनं, १९१३-१४ सालचं. दोन पुरुषांची प्रेमकथा सुखान्तच करायची, असा त्यांचा हट्ट होता. त्या काळी इंग्लंडमध्ये असं प्रेम हा गुन्हा होता, त्यामुळे हस्तलिखित पडून राहिलं. १९७० साली ते गेले आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघालं. एका सुखाच्या शेवटासाठी माणूस जन्मभर थांबला. हे आठवलं की अजूनही माझा घसा दाटून येतो.

आई, तुझ्यासाठी एक वेगळाच उद्योग करते आहे. अर्सुला ली ग्विन यांची 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' ही १९६९ सालची विज्ञानकादंबरी मी वहीत मराठीत उतरवायला घेतली आहे. तिच्यातल्या ग्रहावरची माणसं एरवी ना बाई असतात ना पुरुष. महिन्यातले काही दिवसच त्यांच्यात लैंगिकता जागी होते आणि तेव्हा कोण काय होईल हे आधी सांगता येत नाही. एकच व्यक्ती कुणाची आई असते, तर कुणाचा बाप. तिथला राजा गरोदर राहतो! पहिल्याच पानावर मी अडले. मराठीत 'गेला' की 'गेली' हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढे सरकेना. मूळ पुस्तकात सगळ्यांना पुरुषी सर्वनाम आहे. त्यावर टीका झाली आणि पुढे लेखिकेलाही ते खटकलं. मी एकदा 'ते गेलं' लिहून पाहिलं, तर तान्ह्या बाळाबद्दल बोलल्यासारखं वाटलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. त्या खाडाखोडीत एक गोष्ट अंगावर आली. स्वतःला ना बाई मानणारं ना पुरुष, असं कुणी मराठीत 'मी आलो' किंवा 'मी आले' म्हणताना रोज किती वेळा अडत असेल! इतकी वर्षं ही भाषा बोलते, पण हे कधी मनात आलं नव्हतं. तुझं मराठी माझ्यापेक्षा चांगलं आहे. वहीतल्या खुणा केलेल्या जागा बघ आणि तुला काय सुचतं ते समासात लिही.

सोबत सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्ल्यू' आहे, मुळातच मराठी, २००६ सालची. भाऊ आणि बहीण एकाच तरुणाच्या प्रेमात पडतात आणि तो दोघांनाही सोडून जातो. एकाच घरातली ती दोन दुःखं कुंडलकरांनी एका तोलाने मांडली आहेत. ही मात्र मी घरी येईन तेव्हा सोबत वाचू, कारण तिचा शेवट तुला सोसवेल असं मी खात्रीने सांगू शकत नाही.

हायस्मिथचं पुस्तक बाबांनी तुला रोज थोडं थोडं वाचून, समजावून सांगावं असं मनात आहे. बाबा, सांगाल ना? आणि आई, या खेपेला त्यांना शेवटच्या पानापासूनच सुरुवात करायला सांग.

तुमची,
लेक