पाणबुडी नव्हे, दाखला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाझी गुन्हेगारांच्या पलायनावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. पाणबुड्या, सोन्याच्या पेट्या, अर्जेंटिनात दडलेला हिटलर यांतच निम्मं पान खर्ची पडलंय. यू-५३० आणि यू-९७७ या दोन जर्मन पाणबुड्या १९४५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अर्जेंटिनाच्या मार देल प्लाता बंदरात शरण आल्या, एवढंच त्यात खरं. हिटलर एप्रिलमध्येच बर्लिनला मेला होता. ज्यूंना मृत्युछावण्यांत धाडणारा आइकमन, आउश्विट्झ छावणीतला डॉक्टर मेंगेले हे लोक गेले चार-पाच वर्षांनी, इटलीतल्या जेनोआ बंदरातून, रीतसर तिकीट काढून, चारचौघांसारखे बोटीत बसून. ते कुठल्या कागदावर गेले, हे लेखात कुठेच नाही. खानापुरात सब-रजिस्ट्रार कचेरीच्या दारात टेबल टाकून मी बॉण्डरायटर म्हणून, म्हणजे लोकांचे दस्त लिहून देत, उभी हयात घालवली, तेव्हा माझी नजर आधी तिथंच जाणार.

कागद असे होते. आधी एखाद्या गावच्या कचेरीचं ओळखपत्र. ते बघून पाद्री लिहून देणार, की हा मनुष्य माझ्या माहितीतला, निर्वासित आहे. त्या शिफारशीवर रेडक्रॉसचं प्रवासपत्र, त्यावर व्हिसा. आइकमनचं प्रवासपत्र १ जून १९५० ला जेनोआत निघालं. नाव रिकार्डो क्लेमेंट, गाव बोल्झानो, नागरिकत्व कुठलंच नाही. ओळख दिली एदोआर्दो द्योमोतेर नावाच्या फ्रान्सिस्कन पाद्र्याने. १४ जुलैला गडी अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेसला उतरला. आमच्याकडे दस्त नोंदवताना ओळखीचे साक्षीदार लागतात. कचेरीच्या आवारात चहापाण्यावर असे साक्षीदार मिळतात, हे इथं कुणाला सांगायला नको. पहिला कागद खोटा असला तरी पुढचे सगळे शिक्के नियमाने पडत जातात.

पण बोल्झानोच का? इथं आम्हा सीमाभागातल्या माणसांनी जरा थांबून वाचावं असं काही आहे. बोल्झानो हे इटलीच्या उत्तर टोकाच्या दक्षिण तिरोलचं मुख्य गाव. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या तहात ऑस्ट्रियाचा हा जर्मन बोलणारा मुलूख इटलीत गेला. मुसोलिनीच्या लोकांनी जर्मन शाळा बंद केल्या, गावांची नावं बदलली, आडनावंसुद्धा. १९३९ मध्ये हिटलर आणि मुसोलिनीने ठरवलं, की तिथल्या जर्मनांनी एक काय ते निवडावं: जर्मनी किंवा इटली. बहुतेकांनी जर्मनी लिहून दिलं. पण लढाई लागली आणि प्रत्यक्षात गेले त्यातले थोडेच. १९४५ नंतर हे लोक धड जर्मन नाहीत, धड इटालियन नाहीत असे लोंबकळत राहिले. रेडक्रॉसचं प्रवासपत्र मिळायचं ते अशाच, देश नसलेल्या माणसांना.

फरारी लोकांनी नेमकं हेच हेरलं. तोंडात जर्मन भाषा आहे आणि हातात कुठल्याच देशाचा पासपोर्ट नाही, तर दक्षिण तिरोलचा म्हणून सांगायचं. त्या भागात तेर्मेनो म्हणून द्राक्षबागांचं एक लहान गाव आहे. आइकमन आणि मेंगेले या दोघांकडेही तिथलीच ओळखपत्रं होती. मेंगेले हेल्मुट ग्रेगोर या नावाने १९४९ मध्ये निघाला. आमच्या सीमावादाची त्या नरसंहाराशी मी बरोबरी करत नाही. पण भाषेपायी अधांतरी राहिलेल्या माणसांची अडचण खुनी लोक स्वतःच्या नावावर लावून घेतात, हे वाचून माझं डोकं फिरलं. रेडक्रॉसने असे लाखावर कागद दिले आणि बहुतेक खऱ्या निर्वासितांनाच मिळाले, हेही सांगायला हवं.

माझे थोरले चुलते मराठा लाईट इन्फन्ट्रीतून इटलीत लढले. याच रेजिमेंटच्या नामदेव जाधवांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ज्या देशात आमच्या गावची पोरं मेली, तिथूनच पाच वर्षांत हे लोक तिकीट काढून गेले. चुलत्यांना ते कळलं नाही, बरं झालं.

मदत करणारे काही अंधारातले नव्हते. रोममधले ऑस्ट्रियन बिशप हुडाल यांनी खोट्या कागदांवर माणसं पळवल्याचं आपल्या आठवणींत अभिमानाने लिहून ठेवलंय. क्रोएशियन पाद्री द्रागानोविच तर सगळ्यांना ठाऊक होते. फ्रान्समधल्या ल्यों शहराचा नाझी गुप्त पोलीसप्रमुख क्लाऊस बार्बी त्यांच्याच वाटेने बोलिव्हियाला गेला आणि पाठवणारं होतं अमेरिकेचं लष्करी गुप्तहेर खातं, कारण तो त्यांना कम्युनिस्टांविरुद्ध उपयोगी होता. १९८३ मध्ये अमेरिकेने फ्रान्सजवळ खेद व्यक्त केला. त्यावर अधिक काय लिहायचं.

मेंगेलेचं पुढचं प्रकरण तर आमच्या धंद्यातल्या माणसाने कपाळावर हात मारावा असं. १९५६ मध्ये त्याने नाव दुरुस्त करून घेतलं! खरा जन्मदाखला मागवला आणि ब्वेनोस आयरेसच्या पश्चिम जर्मन वकिलातीने त्याला खऱ्या नावाचा पासपोर्ट दिला. ट्रेब्लिंका मृत्युछावणीचा प्रमुख स्टांगल ब्राझीलमध्ये साओ पाउलोत मोटारीच्या कारखान्यात नोकरी करत होता, स्वतःच्याच नावाने, १९६७ मध्ये अटक होईपर्यंत.

तेव्हा एक विनंती. आइकमनचं ते प्रवासपत्र २००७ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या कोर्टाच्या दप्तरात सापडलं. पुढच्या रविवारी पाणबुडीच्या चित्राऐवजी त्याचा फोटो छापावा, शिक्के वाचता येतील एवढा मोठा. शिवाय लेखात बार्बी १९५५ साली बोलिव्हियाला गेला असं आलंय. ते साल १९५१ हवं.

कळावे,
आपला एक जुना वाचक,
निवृत्त बॉण्डरायटर, खानापूर, जि. बेळगाव